कानोत्याचा मोर आणि माझा फुटका कान

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मी शपथ घेतली तरी बसणार नाही. माझा कान एका मोराने फोडला! जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर तो माझ्या माइकला चोच लावून असा केकाटला, की धरणाचं पाणी दोन बोटं वर चढलं आणि पलीकडच्या काठावरची म्हैस आटली. त्या दिवसापासून मी ठार बहिरा.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा, पण वाढलो जयपुरात, शामरावांच्या हातात. शामराव रेल्वेत गार्ड. भुसावळहून बदलीवर आले आणि बनी पार्कात राहिले. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय!

काय दिवस होते ते! बारसं असो, निरोप समारंभ असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, लोक आधी माझी चौकशी करत. "शामराव, कॅमेरा आला ना? मग वाढा आता पानं!" माझं लाल बटण दाबलं की शामरावांची जीभ सुटायची. दिसतंय ते सांगायचे, न दिसलेलंही सांगायचे. त्यांच्या पत्नी मीराबाई म्हणायच्या, "अहो, त्याला डोळे आहेत की. बघू द्या त्याला."

मीराबाई गेल्या तेव्हा त्यांची मुलगी गौतमी बारावीत होती. पुढे मोबाइल आले, माझी बॅटरी फुगली. शामरावांनी मला मीराबाईंच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि जयपुरातल्याच मानसरोवर वस्तीतल्या नव्या घरात माळ्यावर टाकलं. पंधरा उन्हाळे मी तिथे आंधीची धूळ खाल्ली. कुणी हाक मारली नाही.

यंदा गौतमीच्या दहा वर्षांच्या लेकीने, प्रज्ञाने, तिच्या हिंदीमिश्रित मराठीत सहज विचारलं, "आई, आजीची आवाज कशी होती?"

गौतमीने सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "चेहरा आठवतो गं. आवाज... नाही आठवत."

रविवारी सकाळी मी माळ्यावरून खाली आलो. पोटात कानोत्याच्या सहलीची कॅसेट होती. मीराबाई जिच्यात होत्या अशी तेवढी एकच उरली होती.

आता मी पडलो जुना गडी, लॅपटॉपची भाषा मला कुठून कळणार? आमच्यामध्ये दुभाष्या लागतो. काडेपेटीएवढी एक डबी गौतमीने मागवली होती. पिवळी तार चित्राची, पांढरी आवाजाची. डबीचं दुसरं टोक लॅपटॉपमध्ये. शामरावांनी घाईघाईत पिवळी तार पांढऱ्या भोकात घातली, पडदा काळाच.

"बाबा, पिवळी पिवळ्यात! आणि हात लावू नका मधेच. फीत जुनी आहे, पुन्हा चालेलच असं नाही."

तासाची कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायला पुरा तास लागतो. तिथे घाई चालत नाही. भिंतीतल्या विजेवर कुरकुरत मी चालू झालो, आणि पडद्यावर मीराबाई आल्या. निळी साडी, वाऱ्याने उडणारा पदर, हातात पोळीचा डबा. गौतमी पडद्याला नाक लावून बसली.

शामरावांनी जेमतेम पाव मिनिट ऐकलं. मग हात लांब करून लॅपटॉपचा आवाज पार बंद केला. "नुसती खरखर आहे. बघा फक्त."

तासभर मीराबाई मुक्याने हसल्या. ओठ उघडायच्या, थांबायच्या, पुन्हा मिटायच्या.

"आजी काय बोलतेय?" प्रज्ञाने विचारलं.

तेव्हा शामरावांनी तिला मोराची गोष्ट सांगितली. चोच, धरणाचं पाणी, म्हैस, सगळं. एरवी म्हैस आली की घर हसतं. या वेळी कुणी हसलं नाही.

"म्हणजे आवाज गेलाच," गौतमी म्हणाली आणि माझ्या तारा गुंडाळू लागली. शामराव खिडकीबाहेर बघत राहिले.

मीही गप्प राहिलो. ज्या हातांनी मला आयुष्यभर सांभाळलं, त्यांना उघडं कसं पाडू? पण तेव्हापासून मला चैन नाही. तर मित्रांनो, दोष माझा आहे, माझ्या फुटक्या कानाचा आहे. म्हणून कळकळीने सांगतो, घरातल्या जुन्या यंत्रांना जपा, धुळीत टाकू नका, आणि मोर दिसला तर त्यांच्या माइकवर आधी—

"आजोबा, झूठ!"

प्रज्ञाने लॅपटॉपला इयरफोन लावून सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं होतं. तिने एक कान मोकळा केला.

"मोरानं कान फोडला, तर मग तुमची आवाज इतकी साफ कशी आली? आणि आजी पण आहे ना! ती 'अहो' म्हणते. दर वेळी 'अहो' म्हणते, आणि मग तुम्हीच बोलता."