बाराव्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर

मी इंग्रजी व्याकरणाची सरावपुस्तिका बोलतेय. एकशे बारा पानं, पिवळं कव्हर आणि शेवटच्या पानावर एक चूक. चूक आधीच सांगून टाकते, कारण ती पोटात ठेवून मी कंटाळलेय.

बारावा प्रश्न असा: 'वीज गेल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली' या अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि 'मुळे'च्या जागी रिकामी रेघ. तुमचं एका 'मुळे'वर भागतं. परीक्षा घेणाऱ्यांना मात्र 'ड्यू टू' वेगळं लागतं, 'ओइंग टू' वेगळं. क्रिया का घडली हे सांगायचं तर 'ओइंग टू', हा नियम मी चौदाव्या पानावर नीट दिलाय. आणि मागे उत्तर छापलंय 'ड्यू टू'! छापखान्यात त्या दिवशी सगळ्यांनाच घरी जायची घाई होती. मला दोन पिना मारल्या, विषय संपला.

मला विकत घेतलं एका नर्सबाईंनी. वॉर्डात त्यांना सगळे सिस्टर म्हणत, म्हणून मीही म्हणते. मुख्य परिचारिका व्हायचं तर इंग्रजीचा पेपर सुटायला हवा. दोनदा गेला होता. ही तिसरी आणि शेवटची संधी. जेवणाच्या सुट्टीत, धुतलेल्या चादरींच्या खोलीत बसून त्या मला सोडवायच्या. माझ्या सातव्या पानावर अजून आयोडीनचा डाग आहे.

बाराव्याला त्यांनी बरोबर उत्तर लिहिलं. मग शेवटचं पान उघडलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. घरी त्यांनी नणंदेला विचारलं. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या.

"वन्सं, हे बघा ना. नियम एक सांगतो, उत्तर भलतंच."

वन्संनी वह्या तपासता तपासता नुसतं शेवटचं पान पाहिलं. "छापलंय ना, वहिनी? मग तेच बरोबर. तुम्ही फार खोलात शिरता, म्हणून तर नापास होता."

अहो, चुकलेय मी! मी पानं फडफडवायचा जीव तोडून प्रयत्न केला. पंखा बंद होता.

सिस्टरनी स्वतःचं उत्तर खोडलं. इतकं जोरात, की कागद विरला.

परीक्षेत नेमका तसलाच प्रश्न आला. आधी बरोबर खूण केली, मग मला आठवून बदलली. एका गुणाने पेपर गेला. कार्यालयाच्या फलकावर उत्तरं लागली, तेव्हा कळलं की पहिली खूणच बरोबर होती. घरी येऊन त्यांनी मला वन्संपुढे उघडून ठेवलं.

वन्संनी दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली. "वहिनी, मी नियम बघितलाच नव्हता हो."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण मी बघितला होता ना."

प्रकाशकाला पत्र गेलं. 'पुढच्या आवृत्तीत पाहू,' एवढंच उत्तर आलं. पुढची आवृत्ती निघाली, बारावा प्रश्न तसाच!

गेल्या महिन्यात वॉर्डातली सर्वांत नवी नर्स म्हणाली, "सिस्टर, तुमचं ते पुस्तक देता?" ती पास होऊन मुख्य परिचारिका झाली तर उद्या सिस्टरवरच हुकूम सोडणार. सिस्टरनी मला बराच वेळ हातात धरलं. मग लाल पेनने माझी चूक दुरुस्त केली आणि मला देऊन टाकलं.

काल ती पोरगी पंचविसाव्या प्रश्नावर अडली. "सिस्टर, मला हे मागचं उत्तर पटत नाही."

"का पटत नाही? बस इथे. सांग मला."

तुम्हीही माझ्याशी असंच भांडा हो. उद्या तिचा पेपर आहे, आणि पंचविसाव्याचं उत्तर तरी बरोबर छापलंय का, ते माझं मलाच ठाऊक नाही.