शेपटीवरची दोन बोटं

मी विमान बोलतोय. लगेच मान वर करू नका, मी आकाशात नाही. एका घरातल्या कामाच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं हलकं लाकडी विमान आहे मी. माझ्यात इंजिन नाही, पायलट नाही, आणि खाली उभं राहून मला वळवायचं बटणही कोणाच्या हातात नाही. पोटातल्या रबराला पीळ भरायचा, नाकावरचा पंखा मोकळा करायचा, की मी निघालो वर. एकदा हातातून सुटलो की माझ्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही. म्हणून जी काय अक्कल वापरायची असते ती मला सोडण्याआधी वापरावी लागते.

मला घडवलं ते एका कवळ्या बनवणाऱ्या माणसाने. दिवसभर लोकांसाठी दात करायचे आणि उरलेल्या वेळात विमानं, असा त्याचा संसार. टेबलाच्या एका कडेला प्लॅस्टरचे जबडे, दुसऱ्या कडेला माझ्या फासळ्या. त्याची बायको म्हणायची, "अहो, एक दिवस गिऱ्हाइकाच्या तोंडात पंख बसवाल आणि याला दात." तो हसायचा आणि माझ्या फासळ्या घासत राहायचा.

माझ्यावरचा पातळ कागद मात्र तिने चिकटवला. एक सुरकुती नाही. ती डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती. काडी, तार, बाटलीचं बूच असल्या क्षुल्लक वस्तू माणसाचा डोळा कसा घेऊन जातात ते तिने रोज पाहिलेलं. त्यामुळे माझं कौतुक तिला होतं, पण भरवसा नव्हता.

"दोनशे ग्रॅमचं तर आहे हे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "कोणाला काय लागणार आहे?"

"आणि डोळा किती ग्रॅमचा असतो?" तिने विचारलं.

तेव्हापासून मैदानावर तिचे कायदे चालू झाले. रबराला हात लावण्याआधी डोळ्यांवर जाड चष्मा. रबराला बारीकशी चीर दिसली तरी ते फेकायचं, कारण पिळलेलं रबर तुटलं की चाबकासारखं येतं. काठीला बांधलेला लोकरीचा धागा वाऱ्याने आडवा ताठ झाला की त्या दिवशी उड्डाण नाही. मी कोणाच्या शेतात उतरलो तर आधी मालकाला विचारायचं, मग बांध ओलांडायचा. एकदा मी विजेच्या तारांवर जाऊन बसलो. हा लगेच बांबू शोधायला निघाला. बांबू सापडला, तर ती त्या बांबूवरच ठाण मांडून बसली.

"विमान दुसरं होईल," ती म्हणाली. "तुमच्यासारखा दुसरा मला कोण करून देणार? विजेच्या ऑफिसला फोन लावा."

मी रात्रभर तारेवर कुडकुडत राहिलो. रागही आला होता मला तिचा. सकाळी वायरमनने मला उतरवलं तेव्हा तो माझ्या मालकाला म्हणाला, "काका, तुम्ही चढला नाहीत ते नशीब समजा." मालकाने बायकोकडे बोट दाखवलं.

मला उडवायची त्यांची रीत ठरलेली होती. ती माझं अंग दोन्ही हातांनी धरायची. तो नाकाकडून रबर लांब ताणायचा आणि हातड्रिलने पीळ भरायचा. पण त्याआधी विचारायचा, "धरलंस का?" ती म्हणायची, "धरलंय." ते उत्तर आल्याशिवाय ड्रिल हलायचं नाही. पीळ भरून झाला की मी त्याच्या हातात जायचो. तेव्हाही ती माझ्या शेपटीवर दोन बोटं ठेवून उभी राहायची. तो आकाश बघायचा, ती जमीन बघायची. वारा जिकडे चालला तिकडे कोणी बसलंय का, चाललंय का, गुरं आहेत का, रस्त्यावर सायकल आहे का, सगळं. सगळं मोकळं दिसलं की म्हणायची, "आता सोडा." आणि बोटं उचलायची.

त्या बोटांचा मला भारी कंटाळा यायचा. पोटात एवढा पीळ भरलेला, वर हवा उबदार, आणि हिचं आपलं बघणं चाललेलंच. पण बोटं उचलली गेली की जे उडायचो, काय सांगू. खालून ती दोघं मान वर करून उभी दिसायची. तेवढ्यासाठी मी परत येत होतो, असं आता वाटतं.

मग ती आजारी पडली. जशा दवाखान्यात ती दुसऱ्यांची सेवा करायची तसल्याच एका दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मला कोणी काही सांगितलं नाही. खिळ्यावरून मला एवढंच दिसलं की तिची चप्पल दाराशी तशीच होती आणि तो रोज ती ओलांडून जात होता. टेबलावर जबडे साचले. विमानांच्या कडेला धूळ.

बऱ्याच दिवसांनी त्याने एक लोखंडी स्टँड केला. जमिनीत रोवायचा, माझ्या शेपटीकडच्या भोकातून खिळा घालायचा, म्हणजे धरायला माणूस लागत नाही. आम्ही मैदानावर गेलो. त्याने चष्मा चढवला, रबर ताणलं, आणि सवयीने विचारलं, "धरलंस का?"

मग तो थबकला. मला वाटलं, आता रडेल. पण त्याचा चेहरा उजळला. त्याने मान डोलावली आणि ड्रिल फिरवायला सुरुवात केली. पीळ भरून मला उंच धरलं, कान टवकारून थांबला, आणि मला सोडलं.

तिथे कोणीच बोललं नव्हतं. निदान मला तरी काही ऐकू आलं नव्हतं. माझ्या अंगावर भीतीने काटा आला असता, अंग कागदाचं आहे म्हणून निभावलं.

त्यानंतर आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. तो घरातही बोलायचा, पण मैदानावर जास्त. लेक सुट्टीला आली होती, ती एकदा सोबत आली.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"तुझ्या आईशी. ती बघते ना समोरचं."

लेक स्टँडजवळ आली. म्हणाली, "मी धरू का? मला शिकवा."

"कशाला? धरलंय तिने."

परतताना लेक सारखी मागे वळून त्या स्टँडकडे बघत होती. मीही बघत होतो.

खरी गोम पुढे आहे. समोरचं बघायचं काम तिचं होतं, म्हणून हा कधी बघत नव्हता, आणि आताही बघेना. तो आपला आकाशाकडे तोंड करून उत्तराची वाट बघायचा. ते उत्तर दिवसेंदिवस लवकर यायला लागलं. लोकरीचा धागा आडवा झाला तरी याला "आता सोडा" ऐकू यायचं. एकदा मी रस्त्यावर एका सायकलवाल्याच्या पुढ्यात आपटलो. तो पडता पडता वाचला आणि याला नाही नाही ते बोलला. हा शांतपणे म्हणाला, "माझी बायको बघत होती, तिला विचारा." सायकलवाल्याने इकडे तिकडे पाहिलं आणि घाईघाईने सायकल काढून निघून गेला.

मला तिची भीती वाटू लागली. जिवंतपणी जी मुंगीसुद्धा वाटेतून सरेपर्यंत थांबायची, ती मेल्यावर अशी कशी झाली?

तो दिवस कडक उन्हाचा होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, हवा तापलेली, म्हणजे माझ्यासाठी मेजवानी. रबर नवं होतं, पीळ तुडुंब भरला होता. एवढ्या पिळावर पहिले काही क्षण मी बंदुकीतून सुटल्यागत जातो, आणि वारा आडवा आला तर वर न जाता जमिनीलगत सुसाट जातो. त्याने मला हातात घेतलं, डोळे आकाशाला लावले. ओठ हलले. "हो, सोडतो," तो म्हणाला आणि हात मागे नेला.

तेव्हा माझ्या शेपटीवर दोन बोटं टेकली.

मी ती ओळखली. तोच दाब, तीच जागा, जिथे इतक्या वर्षांत माझा कागद गुळगुळीत झाला आहे. त्याने पुढे झोका दिला आणि मी जागचा हललो नाही.

"बाही अडकली वाटतं," तो पुटपुटला आणि अडकलेलं सोडवायला त्याने आकाशावरून नजर खाली आणली. नजर खाली आली म्हणून समोर गेली. दहा-बारा पावलांवर वाळल्या गवतात गवताच्याच रंगाचं काहीतरी हललं. गवत कापणारी बाई होती. वाकून भारा बांधत होती. तिने तोंड वर केलं आणि आमच्याकडे बघून विचारलं, "काय हो, इथलं गवत कापलं तर चालेल ना?"

पंखा घट्ट धरून तो मटकन खाली बसला. मग त्याने रबराचा पीळ हळूहळू उतरवला, सगळा, शेवटच्या वेढ्यापर्यंत. बाई घाबरून पाणी घेऊन आली.

"बरं वाटत नाही का दादा?"

"ती असं कधीच म्हणाली नसती," तो म्हणाला. "माणूस समोर असताना सोडा म्हणाली नसती ती. मीच बोलत होतो इतके दिवस. माझं मलाच."

बाईला काही कळलं नाही. ती त्याच्याजवळ बसून राहिली.

त्या दिवसापासून त्याला तो आवाज ऐकू येत नाही. घरातही तो बोलत नाही. रबर काढून डब्यात ठेवलं, स्टँड भंगारात दिला, मला इथे टांगलं. लेक फोनवर म्हणते, "बाबा, मी येते, मी धरते." हा म्हणतो, "नको. जे नव्हतं त्याच्या जोरावर कोणाचा तरी डोळा घेतला असता मी." पूर्वी त्याची बायको एकदाच गेली होती. आता, मेल्यावर ती कधी आलीच नव्हती हे कळल्यावर, ती त्याच्यासाठी दुसऱ्यांदा गेली, आणि त्याने तो पार खचला आहे.

आवाजाचं त्याचं म्हणणं खरं आहे. तो तिचा नव्हता. पण बाकीचं मी त्याला कसं सांगू? मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मैदानावर काहीही उडवा, सोडण्याआधी जमीन बघा, आणि बघणारं माणूस जिवंत असेल असं बघा. एवढं झालं की सवडीने या घरी या. त्याच्याशेजारी बसा आणि त्याला हळूच आठवण करून द्या, की उन्हाचे दिवस होते, आणि त्या दिवशी त्याच्या शर्टाच्या बाह्या अर्ध्या होत्या.