तोफेखालची झडप

मित्रांनो, मी एक जुनी आगबोट आहे. पण पोती वाहणारी नव्हे हं. एका गर्भश्रीमंत मालकानं निव्वळ हौसेखातर मला बांधून घेतलं. पांढराशुभ्र रंग, पितळी कठडे, सागवानी डेक. माझं नाक तेव्हा कायम वर असायचं, खोटं कशाला बोलू? डेकवर पाहुणे नाचायचे आणि माझ्या पोटात आगवाले घामाघूम होऊन भट्टीत कोळसा टाकायचे. त्यांची काळी तोंडं पाहुण्यांना दिसू नयेत, अशी मालकीणबाईंची सक्त ताकीद होती. म्हणून बॉयलरच्या खोलीतून वर यायच्या मागच्या वाटेवरची झडप डेकच्याच फळ्यांची केली होती. ती बंद असली की तिथे वाट आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मालकांनी माझा देखणा आराखडा काढवून घेतला, त्यातही ती झडप दाखवली नव्हती. या सुबकपणाचा मला तेव्हा भारी अभिमान वाटायचा.

मग लढाई सुरू झाली आणि सरकारनं मला ताब्यात घेतलं. गाद्या, आरसे, पियानो सगळं उतरवलं. अंगाला करडा रंग फासला. बंदराच्या तोंडाशी गस्त घालायची, हे माझं नवं काम. दूरदेशी जायला बांधलेली मी, आणि घाण्याच्या बैलासारखी त्याच पाण्यात गोल गोल फिरत होते. जीव नुसता कोंडून जायचा.

नाचायच्या जागी तोफ बसवायचं ठरलं. गोदीच्या मुकादमानं तोच आराखडा समोर धरला आणि नेमकी झडपेवर तोफ ठेवून बोल्ट आवळले. थोरल्या आगवाल्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. मुकादम म्हणाला, पुढचं दार आहे ना, मग झालं तर. लढाईत दोन-दोन दारांचे लाड कुठले. मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती. पण आम्हा बोटींना नुसतं सोसता येतं.

हा थोरला आगवाला मोठा मिस्कील. त्याच्या हाताखाली त्याचाच जावई होता. सासरा त्याला येताजाता चिडवायचा, की लोकांचे नऊ ग्रह आभाळात असतात, माझा दहावा इथे फावडं घेऊन उभा आहे. जावई हसायचा आणि "मामा, बाजूला व्हा, ठिणगी उडेल," म्हणून त्याला हळूच मागे सारायचा. त्यांचं ते बोलणं ऐकत माझा दिवस जरा हलका जायचा.

एके दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. सासरा पाळी संपवून चहाला वर आला होता. तेवढ्यात एका मालवाहू जहाजाचं टोक माझ्या कुशीत घुसलं. पुढच्या दाराची चौकट पिळवटली, दार जाम झालं आणि खाली पाणी भरू लागलं. जावई आत अडकला. तापलेल्या बॉयलरला थंड पाणी लागलं तर तो फुटणार आणि आम्ही सगळेच बुडणार, म्हणून तो एकटा भट्टीतला विस्तव ओढून काढत होता, वाफ सोडत होता. माझ्याच पोटात माझं माणूस गुदमरत होतं आणि मला बोटभरही हलता येत नव्हतं.

आता तोफेखालची झडप एवढीच वाट उरली होती, पण कप्तान कचरला. तोफ काढली आणि शत्रू आला, तर बंदर उघडं पडणार. सासऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

"साहेब, लेकीला कुठल्या तोंडानं भेटू मी?"

ती तोफ डागणारा तोफची तिला पोटच्या पोरीसारखं जपायचा. त्यानंच पाना उचलला. "साहेब, तोफ दुसरी मिळेल," म्हणाला आणि कप्तानाच्या होकाराची वाटही न बघता कामाला लागला. खाऱ्या हवेनं बोल्ट गंजले होते. पाने निसटले, हात सोलले. मग कप्तानही अंगरखा काढून ढकलायला आला. शेवटी तोफ कलंडली, झडप उघडली आणि मानेपर्यंत पाण्यात उभा असलेला जावई वर ओढला गेला. "मामा, विस्तव काढलाय, बॉयलर शाबूत आहे," एवढंच तो बोलला. सासऱ्याला एकही थट्टा सुचली नाही. त्याला कवटाळून तो ढसाढसा रडला.

पुढची कथा ऐका. दुरुस्ती झाली, आणि तोफ पुन्हा तिथेच बसवली! कप्तानानं ती दोन हात सरकवायची विनंती केली होती. सरकारचं उत्तर आलं, आराखड्यात बदल करता येणार नाही. तेव्हापासून तोफची पाळीवर आला की डेकवर टाच आपटायचा आणि खालून फावडं ठणकायचं. मी आहे, असा त्याचा अर्थ. लढाई संपेपर्यंत हा नेम चुकला नाही.

आता माझं इंजिन काढून नेलंय. तुम्हा मुलांना बघता यावं म्हणून साखळदंडानं मला धक्क्याला जखडून ठेवलंय. तोफेला मात्र दरवर्षी रंग देतात आणि झडप अजून तिच्याखालीच आहे. मित्रांनो, कुठेही काही जड ठेवाल तेव्हा खाली कोण आहे ते आधी विचारा, आणि खालचा माणूस काही सांगत असेल तर ऐका. मला जपायचं म्हणता ना, तर माझी खरी जपणूक त्यातच आली. तुम्ही तोफेवरून डेकवर उड्या मारता, तेव्हा फळ्या दणाणतात. मी लगेच कान देते. खालून फावडं काही वाजत नाही.