हाताची हजेरी

शाळेत व्हीलचेअर आली तेव्हा तिच्यावर बसणारं कुणी शाळेत नव्हतं. कुणी मागितली नव्हती, तरी आली. पालमहून टेम्पोवाल्यानं आणली आणि सही मागितली. रामप्रसाद सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, कागद न वाचता सही केली आणि खुर्चीवरचं प्लॅस्टिकही न काढता ती खिचडीच्या तांदळाच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथं ती दोन वर्षं उपयोगी पडली. तांदळाचं पोतं एकट्या माणसाला हलत नाही.

राजेश्री बाईंनी मागितलं होतं ते वेगळंच. त्यांच्या तिसरीच्या वर्गात सत्तावीस लेकरं आणि त्यातली सृष्टी जन्मापासून ऐकू न येणारी. तिच्यासाठी बाईंनी तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला कानाचं यंत्र आलं, पण ते एखाद्या बाप्याच्या कानाचं होतं. मापाचं करून मिळावं म्हणून परत पाठवलं, त्याला सव्वा वर्ष झालं. एकूण हिशेब असा, की ऐकू न येणाऱ्या मुलीला काही आलं नाही आणि धडधाकट शाळेला चाकं आली.

मग बाईंनी सरकारची वाट बघणं सोडलं आणि हजेरी बदलली. कारण साधं होतं. रोज नावं पुकारली जायची, लेकरं हजर हजर म्हणायची आणि सृष्टी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. तिचा नंबर आला की शेजारची अर्पिता कोपरानं ढोसायची. ढोसण्याची हजेरी काही बाईंना पटेना. त्यांनी एक दिवस तोंड बंद ठेवलं आणि हातानं हजेरी घेतली. प्रत्येकाला एक खूण. हरिओम तालुक्याला पळण्यात पहिला आलेला, त्याची खूण तळहातावर पळणारी दोन बोटं. अर्पिताची खूण कोपर. सृष्टी गणित करताना गाल फुगवायची, म्हणून तिची खूण फुगलेले गाल. बाईंचा चष्मा सारखा घसरायचा, तेव्हा त्यांचीही खूण पोरांनी विनापरवानगी ठरवून टाकली.

चार महिन्यांत नावांवरून वस्तू, वस्तूंवरून भांडणं आणि भांडणांवरून चहाड्या, असं सगळं वर्गाला हातानं बोलता यायला लागलं. सृष्टीला धडा वाचून त्याचा अर्थ हातानं सांगता यायला लागला. वर्गात आवाज नाही म्हणून रामप्रसाद सर दोनदा खिडकीतून डोकावून गेले. त्यांच्या मते ज्या वर्गातून आवाज येत नाही तिथं बाई मोबाईल बघत असतात.

आता खरी गोष्ट अशी, की सृष्टीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. गेल्या साली ते तिला बरोबर घेऊन गेले होते. सहा महिने फडावरच्या पाचटाच्या कोपीत राहून पोर परत आली ती अक्षरं विसरून. या साली तसं होऊ नये म्हणून बाई दोन रविवार तिच्या घरी जाऊन बसल्या. आई दैवशाला आधी ऐकेना.

"बाई, तिची आजी थकलेली. आन् ह्या लेकराला बोलता येत न्हाई. कुणी हाटकलं, मारलं, तर सांगंल कुणाला?"

"वर्गाला सांगेल. वर्गाला तिचं सगळं कळतं."

"शाळंला ती नको झाली तर?"

"शाळेला का नको होईल?"

दैवशालानं बराच वेळ तवा घासला. मग म्हणाली, "ठिवते. पर शाळंनं नको म्हणलं, तर त्या दिवशी ट्रॅक्टरवर घालून न्हेते. मंग मला अडवायला येऊ नका."

बाई हो म्हणाल्या. शाळा अशी नको म्हणेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. शाळेत त्यांची बारा वर्षं झाली होती, तरी अशा गोष्टी त्यांच्या मनात येत नसत, हा त्यांचा दोषच म्हणायचा.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि पत्र आलं. आदर्श समावेशक शाळा, तालुकास्तर, समिती गुरुवारी येणार, गुण पन्नास. रॅम्पला दहा, कठड्याला पाच, व्हीलचेअर वापरात असल्यास दहा, दिव्यांग विद्यार्थी वर्गात सहभागी असल्याच्या छायाचित्राला दहा, कोणत्याही पाच मुलांच्या प्रकट वाचनाला पंधरा. रामप्रसाद सरांनी पत्र वाचलं, हे विशेष. वाचून त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं.

"सृष्टीला गुरुवारी घरी ठेवू."

बाईंना वाटलं, आपण काहीतरी भलतं ऐकलं. "सर, समिती दिव्यांग मुलं वर्गात आहेत का, ते बघायला येणार आहे."

"तेच तर. वाचनाला साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं तर? पंधरातले तीन गेले."

"ती हातानं वाचेल."

"पत्रात प्रकट वाचन लिहिलंय. हाताचं कुठं लिहिलंय?" सरांनी पत्र बाईंकडं सरकवलं. "आणि दुसरं, राग मानू नका, पण तिचं दिव्यांगत्व फोटोत येत नाही."

अशा वाक्याला काय उत्तर द्यावं, हे डी.एड.ला शिकवलेलं नव्हतं.

"फोटोत ती चार पोरींसारखी पोर दिसते," सर समजावून सांगायला लागले. "साहेब विचारणार, यातला दिव्यांग कोणता? मग आपण काय बोट दाखवत बसायचं का? ते बरं दिसत नाही. व्हीलचेअरचं तसं नाही. दिसली की कळतं."

"पण खुर्चीवर बसणारं कोण आहे आपल्याकडं?"

"हरिओम."

"हरिओम पळतो, सर."

"तालुक्याला पळतो. इथं बसंल. अंगानं हडकुळा हाय, चेहरा बी तसा गरीब दिसतो. वर शाल टाकू."

घाईत असले की सर शुद्ध बोलणं सोडून द्यायचे. बाईंनी मात्र शांतपणे सांगितलं, की सृष्टीला घरी ठेवायचा निरोप त्या देणार नाहीत, आणि द्यायचाच असेल तर लेखी द्या. सर म्हणाले, "बघतो मी." लेखी ते काही देत नसत. बुधवारी संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर सृष्टीची आजी चतुराबाई दिसली, तिथं त्यांनी मोटरसायकल न थांबवताच काम उरकलं.

"उद्या सृष्टीला पाठवू नका."

"कामून जी?"

"मोठे साहेब येणारेत. तिचं तिथं काय काम."

चतुराबाईनं पीठ घेतलं, घरी गेली आणि सुनेला जसंच्या तसं सांगितलं. तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. तिला शाळा नव्हती, पण निरोप नीट पोचवायची सवय होती.

गुरुवारी सकाळी व्हीलचेअरवरचं प्लॅस्टिक निघालं. हरिओमला तिच्यात बसवून गुडघ्यांवर शाल टाकली. त्याला मजा वाटत होती. त्याचं म्हणणं एवढंच, की मधल्या सुट्टीत एक चक्कर मारू द्यावी. सृष्टीची जागा रिकामी होती. बाईंनी सरांना विचारलं तर सर म्हणाले, "ताप आलाय म्हणं." आणि वर्गाकडं वळून त्यांनी बजावलं, "आज सृष्टीचं नाव कुणाच्या तोंडून निघालं तर बघा."

सत्तावीसमधली सव्वीस लेकरं सरांकडं बघत राहिली. अर्पितानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

समिती आली. दोघं जण आणि एक साहेब. साहेब चांगले भरलेले, गालांनी विशेष. त्यांनी रॅम्प चढून बघितला, कठडा हलवून बघितला, हरिओमच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचे फोटो निघाले. "बाळ, अभ्यास आवडतो का?" असं विचारून उत्तराआधीच ते पुढं गेले. मग म्हणाले, "बाई, नेहमीसारखं चालू द्या."

बाईंनी नेहमीसारखं चालू दिलं. तोंड मिटून हजेरी सुरू केली. कोपर, पळणारी बोटं, एकेक हात वर. साहेबांना प्रकार कळला नाही, पण शांतता आवडली. मग सृष्टीचा नंबर आला. बाईंनी गाल फुगवले.

हात वर झाला नाही. सव्वीस लेकरांनी मिळून गाल फुगवले आणि साहेबांकडं तोंड करून तसेच धरले. नाव तोंडून काढायचं नव्हतं, आणि तोंडं तर बंदच होती. साहेबांनी आधी सहकाऱ्यांकडं पाहिलं, मग नकळत स्वतःच्या गालाला हात लावला.

"हे काय चाललंय?"

बाईंचं लक्ष तिकडं नव्हतं. अर्पिताचे हात चालू झाले होते. गाल. मग दोन्ही हातांनी स्टेअरिंग. मग हवेत कोयत्याचे दोन घाव. पारावरून शाळेत येणाऱ्या राणीनं मागच्या रांगेतून गावातल्या पाराकडं बोट दाखवलं. सृष्टी, ट्रॅक्टर, ऊस, पारावर उभा. बाईंनी हातानंच विचारलं, कधी? अर्पितानं जमिनीकडं बोट केलं. आत्ता.

बाईंना दैवशालाचा तवा घासणारा हात आठवला, आणि त्या दिवशी आपण किती सहज हो म्हणालो तेही. पार अर्धा किलोमीटर लांब. बाईंची स्कूटी समितीच्या जीपमागं अडकलेली. वर्गात सगळ्यात जोरात कोण पळतं, हे वर्गाला सांगावं लागत नव्हतं. सगळ्यांनी हरिओमकडं पाहिलं. हरिओमनं सरांकडं पाहिलं, मग बाईंकडं. बाईंनी तळहातावर दोन बोटं पळवली.

हरिओमनं शालीची नीट घडी घातली, कारण ती सरांची होती, खुर्चीतून उठला आणि दारातून जो सुटला तो रॅम्पवरून न जाता सरळ कठड्यावरून उडी मारून गेला.

बाई त्याच्या मागं निघाल्या. दारातून बाहेर पडताना त्यांना सरांचा आवाज ऐकू आला, "साहेब, आम्ही व्यायाम घेतो रोज. सुधारणा हाय."

पारावर ट्रॅक्टर चालू होता. ट्रॉलीत बिऱ्हाडं, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या. हरिओम दोन्ही हात पसरून पुढच्या चाकांसमोर उभा होता आणि तोडणीच्या टोळीचे मुकादम आबासाहेब त्याला म्हणत होते, "बाजूला हो रं, कुणाचा हाईस तू? साखर कारखाना तुझ्या शाळंसाठी थांबलाय व्हय?"

सृष्टी भांड्यांच्या गाठोड्यावर बसली होती. बाईंना बघून तिनं चष्मा वर सारल्याची खूण केली, आणि मग तोंड फिरवलं.

"दैवशाला, तिला खाली उतरव," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"कामून?" दैवशाला ट्रॉलीतूनच बोलली. "तुमच्याच सरानं सांगितलं, तिचं काय काम. म्या म्हणलं व्हतं ना तुमाला? शाळंनं नको म्हणलं की न्हेते."

"ते मी नाही सांगितलं."

"मंग शाळा कोण हाय? तुमी का ते?"

बाईंना खरं तर म्हणायचं होतं, की तो माणूस शाळा नाही, तो नुसता सहीपुरता आहे. पण बुधवारी त्याच माणसाला "लेखी द्या" म्हणून आपण हात झटकले आणि संध्याकाळी स्वतः या घरी आलो नाही, हेही त्यांना दिसत होतं.

"चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "माझंसुद्धा. मी काल यायला पाहिजे होतं."

"आज आलाव. उद्या तुमची बदली झाली तर कोण पळंल हिच्यामागं?"

बदली होणार नाही, असा शब्द त्या देऊ शकत नव्हत्या. तेव्हा हरिओम, अजून हात पसरलेलाच, म्हणाला, "काकू, आमाला येतं की तिचं बोलणं. तुमची बी खूण हाय तिच्याकडं."

"माझी?"

हरिओमनं दोन्ही तळहात डोक्यावर ठेवून फडक्याची चुंबळ गोल बसवल्यासारखं केलं आणि मान ताठ केली. मोळी उचलताना करतात तशी. "हे म्हंजी तुमी. आन् हे केलं," त्यानं एक हात लांबवर नेऊन हळूच जवळ ओढला, "म्हंजी कवा येणार. तुमी जाणार म्हणल्यापासनं लय येळा इचारते ती. गेल्या साली फडावर तुमच्यासंगं राहून बी काई बोललीच न्हाई म्हणं ती, तवा तिला बोलता येत नव्हतं. आता येतं."

आबासाहेब मुकादमांनी ट्रॅक्टर बंद करवला. कारखाना तेवढ्यापुरता थांबला.

दैवशालानं लेकीकडं वळून अडखळत डोक्यावर चुंबळ बसवली आणि स्वतःकडं बोट केलं. सृष्टीनं पाहिलं. मग तिनं आईचे हात धरून दोन बोटांएवढे पुढं सरकवले. खूण चुकत होती, ती दुरुस्त केली.

"पेटी द्या खाली तिची," दैवशाला म्हणाली. "आन् बाई, त्या सराला सांगा, पुन्हा निरोप धाडायचा आसंल तर माज्या सासूकडं धाडू नका. तिच्या ध्यानात सगळं ऱ्हातं."

बाई दोघांना घेऊन परतल्या तेव्हा पाच पोरांचं वाचन सरांनी उरकलं होतं आणि समिती चहा घेऊन गेली होती. आठवड्यानं निकाल आला. शाळेला पन्नासपैकी शेहेचाळीस. व्हीलचेअरला दहापैकी दहा, शेऱ्यात 'विद्यार्थ्याची प्रगती थक्क करणारी'. पत्रात कुठंच नसलेल्या वर्गशिस्तीसाठी चार गुण कापले होते: हजेरीच्या वेळी मुले पाहुण्यांसमोर तोंडे वेडीवाकडी करतात. सोबत राजेश्री बाईंना खुलाशाची नोटीस, समिती उपस्थित असताना वर्ग सोडून गेल्याबद्दल.

बाईंनी खुलासा तीन ओळींत लिहिला. "वर्गातली एक मुलगी वर्गाबाहेर ठेवण्यात आली होती. तिला आणायला गेले होते. पुन्हा ठेवली तर पुन्हा जाईन."

कागद रामप्रसाद सरांमार्फत वर जायचा होता. सरांनी तो वाचला, आणि हा त्यांनी आयुष्यात पूर्ण वाचलेला दुसरा कागद. प्रमाणपत्र त्यांच्या मागं भिंतीवर लटकत होतं, आणि तांदळाच्या खोलीत व्हीलचेअरवर परत पोतं होतं.

"बाई, शेवटची ओळ काढा."

"तुम्ही काढा," बाईंनी पेन पुढं केलं. "आणि काढली म्हणून शेजारी सही करा."

सरांनी पेन घेतलं. व्हीलचेअरच्या कागदावर सही केली होती तेव्हा त्यांचा हात असा थांबला नव्हता. बाहेर तिसरीचा वर्ग भरला होता आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. सर उगाच खिडकीकडं बघत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद जसाच्या तसा पुढं पाठवला.