फुकटाच्या खालचा भाव

बद्रुद्दीनशेठच्या लोणावळ्यातल्या दुकानात मिळणारा गंधक सिसिलीचा, त्याचा भाव ठरायचा मुंबईत, आणि घेणारा मावळातला. यांपैकी घेणाऱ्याला कोणी विचारत नसे. महायुद्धाने बोटी अडकल्या होत्या, भाव रोज चढत होता. मुंबईच्या दलालाचं भाव कळवणारं कार्ड टपालाने आल्याखेरीज बद्रुद्दीन खडाही विकेना. आज विकावं आणि उद्या भाव वाढावा, याहून मोठं दुःख त्याने पाहिलं नव्हतं.

अशात मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आला; आधी खोकला, आणि आठवड्याच्या आत माणूस गेलेला. माणूस गेलेल्या खोलीत गंधकाची धुरी दिल्याशिवाय कोणी पाठ टेकेना. खंडाळ्याची रोशनबी नवऱ्याला माती देऊन दुकानात आली. घरात खोली एकच आणि पदरी लहान मुलगी. बद्रुद्दीनने तिला नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कार्ड यायचंय, उद्या या, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी कार्ड आलं, पण भाव आणखी चढणार असं त्यात होतं, म्हणून पुन्हा उद्या. त्यानंतर ती आली नाही. मायलेकी एकाच आठवड्यात गेल्या.

मग लढाई थांबली. मुंबईच्या गोदीत जपानी गंधक येऊन पडला, सिसिलीच्या मालाला कोणी हात लावेना. इकडे तापही ओसरला. गोण्या भिंतीला टेकून राहिल्या.

एके दिवशी दिवेलागणीला रोशनबी पायरीशी उभी.

"भाऊ, आज भाव काय हाय?"

जातिवंत व्यापारी तो. आधी भाव सांगितला, मग घाबरला. तिने मान हलवली आणि निघून गेली.

तेव्हापासून ती रोज येऊ लागली. उद्या या असं त्यानेच सांगितलं होतं, आणि मेलेली माणसं दिलेला वायदा मोडत नाहीत. त्याने ताईत बांधला, दुकान दिवेलागणीआधीच बंद केलं. तर ती घराच्या उंबऱ्याशी आली. त्याच्या बायकोला, उम्मेहानीला, दारात कोणीच दिसेना. नवरा अंधाराला भाव सांगतो, आणि तोही रोज कमी कमी, एवढंच तिला ऐकू येई. "दिवसा इतका उतरला असता तर माल तरी खपला असता," ती म्हणाली.

शेवटी बद्रुद्दीन गोणी घेऊन खंडाळ्याला गेला. रोशनबीची बंद खोली उघडली, निखाऱ्यांवर ओंजळी ओंजळीने गंधक टाकला, धूर कौलांतून बाहेर पडेपर्यंत अंगणात बसला. उशिरा का होईना, माल पोचला होता. डोळे चोळत, पण हलक्या मनाने तो घरी आला.

दिवेलागणीला ती आलीच.

"भाऊ, आज भाव काय हाय?"

"फुकट," तो म्हणाला. "सगळा न्या, रोशनबी."

इतके दिवस तिने भाव फक्त उतरतानाच ऐकला होता.

"मंग उद्या येते," ती म्हणाली. "अजून उतरंल."

बद्रुद्दीन उंबऱ्यावर बसून राहिला. फुकटाच्या खाली काय असतं, हे कुठल्याही कार्डावर त्याने वाचलं नव्हतं.

आत उम्मेहानी खोकली.