माहेरचं बिल

ॲन्सेल्मने राजेळी केळ्यांचा घड खांद्यावरून उतरवून लिफ्टमध्ये ठेवला, स्वतः आत शिरला आणि लिफ्ट केकाटायला लागली. तो बाहेर आला, ती गप्प झाली. घड बाहेर काढून एकटा आत गेला, तरी गप्प. दोघे मिळून आत गेले की पुन्हा तेच. बोळिंजच्या त्या सोसायटीचा वॉचमन शत्रुघ्न खुर्ची सोडून बघायला आला. घड पुरुषभर उंचीचा होता असं ॲन्सेल्म पुढे सगळ्यांना सांगत असे. आपण तो कमरेइतका धरू, तरी पुष्कळ झाला. शेवटी घड लिफ्टने गेला आणि ॲन्सेल्म जिन्याने. शत्रुघ्नने आपल्या वहीत नोंद मात्र चोख केली: पाहुणे दोन, पैकी एक चालत.

चौथ्या मजल्यावर सदानंद घडाला सामोरे जाऊन उभे होते. हे ॲन्सेल्मचे व्याही, मंत्रालयातून निवृत्त झालेले, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांचा परेश आणि ॲन्सेल्मची टिफनी यांचं लग्न दोनदा लागलं होतं, एकदा नंदाखालच्या चर्चमध्ये आणि एकदा विरारच्या हॉलमध्ये, आणि ॲन्सेल्म दोन्हीकडे सारखाच रडला होता. आता दोघं कॅनडात होती. जाऊन फार काळ झाला नव्हता, आणि टिफनीचे दिवस भरत आले होते.

ती राहत होती तिकडचा नियम असा, की नव्याने आलेल्या माणसाला सरकारी आरोग्य-कार्ड लागू व्हायला काही महिने थांबावं लागतं. तोवर डॉक्टर, सोनोग्राफी, बाळंतपण, सगळा खर्च पदरचा. तपासण्यांचे पैसे पोरांनी निमूट भरून टाकले होते. दोन्ही घरांना कळलं तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरलं होतं बाळंतपण. ते कोणी भरायचं हे ठरवायला ॲन्सेल्म आला होता. म्हणजे ठरवायला नव्हे, ठरलेलं सांगायला.

सदानंदांनी त्याला बसायच्या आधीच गाठलं.

"हे बघा ॲन्सेल्मभाऊ, सूनबाईला तिकडे नेली परेशने. खर्च आमचा."

ॲन्सेल्मने उत्तरादाखल आपल्या बहिणीच्या, मर्लिनच्या पहिल्या बाळंतपणाची हकिकत काढली. मर्लिन बाळंतपणाला नंदाखालला आलेली, बाहेर तुफान पाऊस, आणि बाप बैलगाडी घेऊन आगाशीला डॉक्टर आणायला गेलेला. परतताना एक बैल चिखलात बसला तो उठेना. तेव्हा बापाने बैलाला गाडीत बसवलं आणि डॉक्टरला जोखडाला जुंपलं. डॉक्टर घरी पोचला तो इतका दमलेला, की मर्लिनची आधी सुटका झाली आणि मग तिनेच उठून डॉक्टरला पाणी दिलं. बापाने डॉक्टरला दुप्पट फी दिली, एक बाळंतपणाची आणि एक बैलाची.

"सांगायचं काय," ॲन्सेल्म म्हणाला, "पहिल्या बाळंतपणाला बैलाची फीसुद्धा बापाने भरायची असते. सासऱ्याने नाही."

"बरं, मग अर्धं अर्धं करू," सदानंद म्हणाले. आयुष्यभर फायलींवर मधला मार्ग काढलेला माणूस तो.

"अर्धं बाळंतपण कसं करतात सदानंदराव? कळा आमच्या आणि पोर तुमचं?"

स्वयंपाकघरात शिरा परतणारा हात थांबला. सदानंदांच्या पत्नी मनोरमा उलथनं घेऊनच दारात आल्या.

"पहिलं माहेरचंच," त्या म्हणाल्या. "माझं देवगडला झालं. ह्यांच्या घरून पेढ्यांचा एक पुडा आला होता, तोसुद्धा वाटेत थोडा खाल्लेला."

सदानंद चष्मा पुसायला लागले. खटला निकालात निघाला. ॲन्सेल्मने शिऱ्याची बशी जवळ ओढली. टिफनीच्या लग्नात हात आखडून त्याने एक रक्कम बँकेत बाजूला ठेवली होती आणि घरात तिला नावच पडलं होतं, बाळंतपणाची ठेव. मुलगी सासरी गेली की बापाकडे हे एवढं एकच काम उरतं. हे झालं की त्याने आपल्या वाडीतली केळी मोजावीत.

तेवढ्यात सदानंदांचा फोन वाजला. परेश होता. कार्डाचं पक्कं झालं होतं, येत्या एक तारखेपासून लागू. डॉक्टरीणबाई म्हणत होती की पहिलटकरीण आहे, चार दिवस इकडेतिकडे होतील. बाळ तेवढं थांबलं तर एक पैसा भरावा लागणार नाही.

मनोरमांनी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. सदानंदांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. ॲन्सेल्मही छान झालं म्हणाला, अगदी दोनदा म्हणाला. पण मनोरमा शिरा पुन्हा वाढायला आल्या तेव्हा त्याने बशीवर हात आडवा धरला, आणि साजूक तुपातला शिरा नाकारलेला ॲन्सेल्म त्याआधी कोणी पाहिलेला नव्हता.

मग सुरू झालं बाळाला थोपवणं. नंदाखालला ॲन्सेल्मच्या बायकोने, थेरेसाने, नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरली. बोळिंजहून मनोरमा डोंगरावरच्या जीवदानी देवीच्या पायऱ्या चढून आल्या आणि गुडघे धरून बसल्या. शेजारपाजारच्या बायकांनी आपापल्या संतांना कामाला लावलं. इकडून सेंट ॲन, तिकडून जीवदानी, एवढ्या जणींनी धरून ठेवलेलं पोर बाहेर येईलच कसं? फुलपाड्याच्या एका ओळखीच्या बाईने तर टिफनीला जिना चढू नको, पपई बघू नको, असा निरोप पाठवला. पपई खाऊ नको नव्हे, बघू नको.

ॲन्सेल्म वाडीत सुकेळी घालत होता. पिकलेली राजेळी सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, दिवसभर परतायची आणि संध्याकाळी आत न्यायची, असं ती मधासारखी होईतो. या कामात हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असतं, म्हणून एरवी वाडीत त्याच्या गप्पा ऐकायला माणसं येत. त्या आठवड्यात तो गप्प होता. आणि रोज संध्याकाळी एकटाच वाटेवरच्या क्रुसाशी जाऊन मेणबत्ती लावून येत होता.

थेरेसाने तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी ती मांडवाशी येऊन उभी राहिली. ती आपल्या घरच्या बोलीत जे बोलली ते पुस्तकी मराठीत आणलं की त्याचा निम्मा झणका जातो, पण इलाज नाही.

"क्रुसाशी काय मागता?"

"पोरीची सुखरूप सुटका."

"ती आम्ही सगळेच मागतोय. तुम्ही कधीची मागता?"

ॲन्सेल्मने एक केळं परतलं. ते आधीच परतलेलं होतं.

"लवकरची," तो म्हणाला.

थेरेसाने पदराने मांडवावरची एक माशी हाकलली. ठेव कुठे पळून जात नाही, ती म्हणाली, त्या पैशात विहिरीवरची मोटार नवी घेता येईल, जुनी खोकते.

"मोटारीचं बाळंतपण करायचं मला?" ॲन्सेल्म म्हणाला. मग हळू आवाजात पुढे म्हणाला, "सगळं कार्डच करणार असेल, तर मग मी कोण तिचा?"

थेरेसाने यावर त्याला शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त त्याच्या शेजारी बसली आणि पलीकडची ओळ परतायला लागली.

देवाने अर्थातच बायकांचं ऐकलं. एक तारीख उलटली आणि मगच पोरगी जन्मली, आजीच्या नाकाची, कुरळ्या जावळाची, सुखरूप. कार्ड लागू झालं होतं. दवाखान्यातून निघताना कोणी पैशाचा एक शब्द विचारला नाही, परेश सांगत होता, गाडीपाशी सोडायला आलेल्या नर्सने उलट टाटा केला. ॲन्सेल्मने गावभर केक वाटला. नात आत दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज ऐकून तिने हात सोडले, असं तो प्रत्येक दारात सांगत होता. मनापासून सांगत होता. फोनवर त्या पोरीने जांभई दिली तेव्हा त्यालाही जांभई आली आणि तेवढ्याने त्याचा दिवस साजरा झाला. फक्त ठेवीचा विषय निघाला की त्याला वाडीत काहीतरी आठवायचं.

त्या रविवारी थेरेसा सकाळच्या मिस्साला गेलेली असताना टिफनीचा फोन आला. चेहरा सुकला होता, पण डोळे चकचकीत. पोर खांद्यावर झोपलेली.

"पप्पा, मम्मी आहे जवळ?"

"चर्चला."

"मग ऐका. एक बिल राहिलंय."

ॲन्सेल्म मांडवापासून दूर झाला. "कार्डात बसलं ना सगळं?"

"बाळंतपण बसलं. बाळंतीण नाही बसत."

मग तिने सविस्तर सांगितलं. त्या दवाखान्यात एक म्हातारी असते, उर्सुला नावाची, पोर्तुगालकडच्या कुठल्याशा बेटावरून आलेली. तिचं काम एकच, बाळंतिणीचा हात धरून बसायचं. ती दवाखान्याची नोकर नाही, त्यामुळे दवाखाना तिला देत नाही. कार्डाला ती माहीतच नाही. परेश द्यायला गेला तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. नवऱ्याचा पैसा ती घेत नाही, सासऱ्याचा तर नाहीच. मुलीच्या बापाकडून आला तरच घेते, आणि तो येईपर्यंत बाळाला नीट झोप लागत नाही, असा तिकडे अनुभव आहे.

खांद्यावरची पोर गाढ घोरत होती.

"वयस्कर आहे म्हणतेस," ॲन्सेल्म म्हणाला. "मग एवढ्या थंडीत येते कशी?"

"तेच तर. एक पाय लाकडी आहे तिचा."

"कुठला?"

"डावा." टिफनीची पापणीही हलली नाही. "बर्फात फुगतो तो. मग बूट चढत नाही. म्हणून बर्फ पडायच्या आधीच ती दवाखान्यात येऊन राहते आणि उन्हाळ्यात पाय वाळला की घरी जाते."

ॲन्सेल्मने फोनवाला हात एकदम खाली नेला. तिकडे टिफनीला बराच वेळ मांडवाचा खांब आणि आभाळाचा तुकडा दिसत असणार. त्याचा चेहरा परत आला तेव्हा तो केळीचा भाव ठरवतानाचा चेहरा होता, फक्त नाक थोडं लाल.

"किती म्हणते?"

तिने आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत वाडीतल्या एका मजुराची आठवड्याची मजुरीही भागली नसती. ॲन्सेल्मला राग आला. लाकडी पायाची बाई एवढ्यात हात धरते होय, त्याने विचारलं. ती खाणार काय, आणि पायाला तेलपाणी? त्याने पाचपट सांगितले. टिफनी म्हणाली, एवढे घ्यायची नाही ती, मानी आहे. तो खाली यायला तयार नव्हता, ती वर चढायला तयार नव्हती. ज्याच्याकडे जन्मभर गिऱ्हाईकांनी भाव पाडूनच मागितला तो ॲन्सेल्म त्या दिवशी पहिल्यांदा भाव चढवण्यासाठी घासाघीस करत होता, आणि समोरची बया त्याच्या वरताण निघाली. शेवटी कुठेतरी मधे सौदा जमला.

मग टिफनी काही वेळ पोरीची पाठ थोपटत राहिली.

"तुमचेच पाठवा, पप्पा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचे चालत नाहीत."

"उद्या बँक उघडली की जातो," तो म्हणाला.

थेरेसा चर्चमधून आली तेव्हा तो अंगणातच तिची वाट बघत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्यापर्यंत येईतो उर्सुलाचा दुसराही पाय लाकडी झाला होता आणि ती बेटावरून पोहत आली होती. थेरेसाने मधे एकही प्रश्न विचारला नाही. आत जाऊन तिने कपाटातून त्याचा लग्नकार्याचा पांढरा शर्ट काढला आणि इस्त्रीचं बटण लावलं.

सोमवारी ॲन्सेल्म तो शर्ट घालून बँकेत परदेशी पैसे पाठवायच्या खिडकीशी बसला. पलीकडे सुहासिनी नावाची तिशीतली बाई होती. ठेव मोडल्याच्या सह्या झाल्या, कॅनडातलं खातं भरून झालं, आणि तिने पेन थांबवलं.

"काका, कशासाठी पाठवताय? कारण लिहावं लागतं."

"मुलीचं पहिलं बाळंतपण."

"म्हणजे औषधोपचार. दवाखान्याचं बिल आणलंय?"

"बिल तोंडी आहे."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पांढरे केस, पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. चेष्टा करतोय असं दिसत नव्हतं.

"तोंडी चालत नाही, काका. मग आपण भेट लिहू या. सोपं पडेल."

"भेट नको," ॲन्सेल्म म्हणाला. "भेट कोणीही देतं."

"मग काय लिहू?"

"माहेर लिहा."

सुहासिनी हसली. संगणकात कारणं ठरलेली असतात, तिने समजावलं, त्यांतलंच एक निवडावं लागतं, आणि त्यात माहेर नाही. ॲन्सेल्मने मान डोलावली. मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. तो खुर्चीतून उठला मात्र नाही.

"तुला मुलं किती, पोरी?"

"एक मुलगा."

"कुठे झाला?"

"आईकडे. सफाळ्याला."

"दवाखान्यात पैसे कोणी भरले?"

सुहासिनीने खिडकीच्या काचेवर उगाच बोट फिरवलं.

"बाबांनी," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने ती कारणांची यादी पुन्हा अगदी वरपासून वाचायला घेतली.