खांद्यावरची पिन

पिन पिशवीच्या कोपऱ्यात, बसच्या तिकिटाखाली सापडली — साधीच, सोनेरी रंग उडालेली — आणि विजयमालाने ती मुठीत धरून ठेवली, कारण आज ती खांद्यावर नव्हती. मुद्दामच नव्हती. सांगलीच्या या दवाखान्याच्या बाकावर ती विटकी साडी नेसून, पदर नुसता टाकून, केसांचा कसाबसा गोळा करून बसली होती, आणि तासगावच्या बसमध्ये ओळखीचं कुणी भेटलं नाही म्हणून देवाचे आभार मानत होती.

हे सोंग शेजारच्या चंदनाने सुचवलेलं. "आवं काकी, मागल्या बारीला लग्नाला निघाल्यागत नटून गेलासा. कोण म्हणंल तुमचा खांदा दुखतोय? जरा कण्हत जावा."

नटून म्हणजे काय, तर हिरवी साडी, गळ्यात मोहनमाळ, चापूनचोपून घातलेला अंबाडा. दवाखान्यात आणि देवळात धुतलेलं नेसून जायचं, हे कुंडल गावी माहेरी आईने अंगी मुरवलेलं. पण डॉक्टरांनी मान वर करून एकदाच पाहिलं. म्हणाले, "तुमच्याकडे बघून तर काही वाटत नाही. मुलं बाहेरगावी असतात का? रिकामं बसलं की या वयात बायकांना होतं असं." रिकामं! जन्मभर द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून घड विरळले त्या बाईला... झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि त्याच खोलीत, त्याच खुर्चीत नवऱ्याचा गुडघा बसला होता तेव्हा — नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले — "सुभेदारसाहेब, आधी एक्स-रे काढून घेऊ." तिला नाथाजींचा राग नव्हता आला, गुडघ्याचा आला होता.

आज सोंग वठलं, पण भलतीकडेच. "ए मावशी, सरक तिकडं," नावनोंदणीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "सरकारी दवाखाना सोडून हितं कशाला आलीस?" आणि मागून आलेल्या इस्त्रीच्या साडीला, "मॅडम, बसा ना." म्हणजे चांगलं नेसलं तर दुखतच नाही, आणि विटकं नेसलं तर दुखलं तरी कुणाचं काय जातंय... हसावं की रडावं, तिला कळेना.

मुठीतली पिन टोचली, आणि एकदम डांबरगोळ्यांचा वास आला — आईच्या इरकलीचा. आईने सांगलीला दवाखान्यात जायचं म्हणजे ट्रंक उघडायची; तो वास घरभर व्हायचा आणि विजीला तो सणाचा वाटायचा. आई खाली बसायची. "विजे, पिन लाव गं. बेतानं, टोचंल." मग आठ-नऊ वर्षांची विजी जीभ दातांत धरून पिन लावायची, आईचे केस विंचरायची, अंबाडा घालायची... मग एसटीची खिडकी, परतताना कागदाच्या पुडीतलं भडंग. किती सुखाचं होतं ते आईचं आजारपण! आणि ते म्हातारे डॉक्टर — आईला काही विचारायच्या आधी त्यांनी विजीलाच विचारलं होतं, "ही पिन कुणी लावली?"

"मी!"

"आणि अंबाडा?"

"त्योबी मीच!"

ते हसले नाहीत. उठून आले, आईच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू दाबत राहिले, आणि कधी न रडणारी आई रडली. जन्मभर विजयमालाला वाटत आलं, की त्या दिवशी आपल्याला शाबासकी मिळाली.

तिने हात उचलून पाहिला. कानापर्यंत गेला... तिथंच थांबला. मागच्या खेपेचा अंबाडा चंदनाने घातला होता. पिनही तिनेच लावली होती. डॉक्टरांनी पाहिलं ते सगळं चंदनाच्या हातचं.

आई गं... तुझाबी हात वर जात नव्हता व्हय? आणि मी भडंग खात बसले.

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. कण्हायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. तिने डाव्या हाताने पदर सारखा केला आणि बाकावर शेजारी बसलेल्या बाईंपुढे पिन धरली. "ताई, एवढी लावता? माझा हात पोचत न्हाई."

बाईंनी जरा थबकून तिच्याकडे पाहिलं, मग लावली. "टोचली का हो?"

"न्हाई."

तिने दार ढकललं. तोच डॉक्टर, तीच खुर्ची. आजही तो मान वर करील, न करील. पण त्याने नाही विचारलं तर आज मीच विचारणार — डाक्टर, ही पिन कुणी लावली, सांगा बघू.